अल्बम आपणच काढायचा तर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या गायक-वादक मंडळींची बरीच पत्रं या वेळी एकाच विषयावर आली आहेत: कंपनीच्या मागं न लागता स्वतःचा अल्बम कसा काढायचा आणि लोकांपर्यंत कसा न्यायचा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रांची भाषा जशीच्या तशी ठेवली आहे.

प्रश्न: आमचं भजनी मंडळ आहे. सात अभंग स्टुडिओत रेकॉर्ड केलोय. आषाढीच्या आत सगळीकडं यायला पाहिजे म्हणून मंडळी मागं लागलीत. स्टुडिओवाल्यानं एमपीथ्री फाइली व्हॉट्सअॅपवर पाठवल्यात. आता पुढं काय काय, कुठल्या क्रमानं करायचं?
— खानापूर तालुका

व्हॉट्सअॅपवर आलेल्या त्या फाइली फक्त ऐकायला ठेवा. पेनड्राइव्ह घेऊन स्टुडिओत जा आणि प्रत्येक अभंगाची मूळ वेव्ह (न आकसलेली) फाइल मागून घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट (१६ बिटही चालते). एमपीथ्रीची वेव्ह करून देणारी अॅप्स मोबाइलवर मिळतात, पण त्यानं फाइल फुगते एवढंच. एमपीथ्री करताना गेलेला आवाज परत येत नाही. त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी मागा: गायकाचा आवाज वगळून केलेला ट्रॅक, जो पुढं कार्यक्रमाला लागतो, आणि पखवाज, पेटी, टाळ, कोरस यांचे सुटे ट्रॅक. स्टुडिओची हार्डडिस्क भरली की जुनी कामं पुसली जातात. वर्षभरानं मागायला गेलात तर हात हलवत परत यावं लागेल.

फाइल हातात आली की आवाजाची पातळी बघा. ‘मस्त लाउड करून देतो’ असं स्टुडिओत सांगतात. स्पॉटिफाय आणि यूट्यूब जास्त मोठं गाणं स्वतःच खाली ओढतात, साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप). म्हणजे दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथं शेजारच्या गाण्याइतकंच वाजतं. पखवाजाच्या थापेतला जीव मात्र आधीच गेलेला असतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

भजनात खरी गडबड टाळ करतात. टाळांचा आवाज फार वरच्या कंपनांचा. गाणं आकसून कमी डेटात बसवताना पहिला मार तिथंच बसतो आणि झणत्काराऐवजी पाण्यात वाळू चाळल्यासारखी चरचर ऐकू येते. स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर हे कळत नाही. म्हणून मिक्स पास करण्याआधी त्याच फाइलची १२८ केबीपीएस एमपीथ्री करून साध्या मोबाइलवर आणि एखाद्या रिक्षात ऐका. चरचर आली तर अख्ख्या गाण्याचा ट्रेबल कमी करायला सांगू नका, अभंगातले शब्दही दबतील. फक्त टाळांचा ट्रॅक दोन-तीन डेसिबल खाली घ्यायला सांगा. सुटे ट्रॅक मागा म्हटलं ते यासाठीही.

आता तारीख. एकादशीच्या दिवशी तुमचे ऐकणारे पंढरपुरात असतात. गाणी वाजतात ती त्याआधीच्या पंधरवड्यात, दिंडीच्या वाटेवर आणि मुक्कामाला. म्हणून अल्बम एकादशीच्या तीन आठवडे आधी बाहेर यायला हवा. स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, जिओसावन यांच्याकडं सामान्य माणसाला थेट गाणं देता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्यूटर (गाणी या अॅप्सपर्यंत पोचवणारी कंपनी) लागतो, आणि त्याला चार आठवड्यांची मुदत द्यावी. दोन्ही मिळून सात आठवडे. पंचांगात मोजलं तर साधारण वैशाख वद्य पक्षात फाइली, कव्हर, नावं सगळं तयार हवं. मध्ये अधिक महिना येत असेल तर पंचांग उघडून मोजा.

चार आठवडे जास्त वाटतात, पण ते असे जातात. डिस्ट्रिब्यूटरच्या तपासणीत काही दिवस. पहिल्यांदा काढणाऱ्यांचं काहीतरी परत येतंच, बहुतेक वेळा कव्हर, त्यात आणखी काही दिवस. मग स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या अॅपमध्ये आपलं पान ताब्यात घ्यायचं आणि तिथून एक गाणं त्यांच्या संपादकांकडं प्लेलिस्टसाठी सुचवायचं. हे प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी करावं लागतं, एका अल्बममधलं एकच गाणं सुचवता येतं, आणि गाणं एकदा बाहेर आलं की ती खिडकी बंद. जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात म्हणून शुक्रवारचा हट्ट धरणारे भेटतील. भजनाच्या अल्बमला दिंडी निघण्याचा दिवस जास्त महत्त्वाचा.

कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, जेपीजी. त्यावर मोबाइल नंबर, वेबसाइट, यूट्यूबचं चिन्ह, ‘लवकरच येत आहे’ यातलं काहीही असलं तर परत येणार. मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो आणि देणगीदारांची यादी पोस्टरवर शोभते, इथं नको. कव्हरवरचं नाव आणि फॉर्ममध्ये भरलेलं नाव अक्षरशः एकच हवं. विठ्ठलाचं चित्र कॅलेंडरवरून उचलू नका, ते चित्रकाराच्या किंवा छापणाऱ्याच्या मालकीचं असतं. गावच्या देवळातल्या मूर्तीचा फोटो पुजाऱ्यांना विचारून स्वतः काढा. तो दिसतोही बरा.

फॉर्म भरताना भाषा ‘मराठी’ निवडा. यादीत वर दिसली म्हणून हिंदी निवडणारे बरेच, आणि मग मराठी ऐकणाऱ्याच्या समोर गाणं येतच नाही. कॉलर ट्यूनचा पर्याय वेगळा असेल तर तोही टिक करा. आपल्या भागात तो अजून चालतो. तुकडा आलापावर सुरू करू नका, ध्रुवपदावर करा.

प्रश्न: संतांचे अभंग म्हटल्यावर परवानगी कसली लागत्येय? आणि एका प्रसिद्ध गायकांचं जुनं गाणं यूट्यूबवरच्या कराओकेवर म्हणून अल्बममध्ये घातलं तर चालेल काय?
— हिंडलगा

शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात, हे आधी सुटं करून घ्या.

ज्ञानेश्वर-तुकारामांचे शब्द सगळ्यांचे आहेत. चाल मात्र ज्यानं बांधली त्याची. कायद्यानं गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. देवळात पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी चाल असेल तर बिनधास्त घ्या. कॅसेटवर ऐकून बसवलेली चाल कुणाची ते शोधा. मंडळातले जुने लोक ‘ही पारंपरिकच’ म्हणून सांगतात, पण नीट विचारलं तर ‘आकाशवाणीवर लागायची’ असं निघतं. मग ती पारंपरिक नव्हे.

कराओकेचं उत्तर नाही. तो ट्रॅक कुणीतरी वाजवून रेकॉर्ड केलेला आहे. यूट्यूबवर ऐकायला फुकट आहे, अल्बमात घालायला नव्हे. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तो ओळखते आणि डिस्ट्रिब्यूटर अख्खा अल्बम काढून घेऊ शकतो. एका गाण्यापायी बाकीची बुडवू नका.

वादक बसवून नव्यानं वाजवलंत तरी शब्द आणि चाल दुसऱ्याचीच राहते. कॉपीराइट कायद्यात कव्हर व्हर्जनसाठी (जुनं गाणं नव्यानं गाऊन काढण्यासाठी) वैधानिक, म्हणजे मालकाच्या संमतीवर न अडणाऱ्या, परवान्याची सोय आहे (कलम ३१-क, २०१२ च्या दुरुस्तीतलं). पण अटी बघा: मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यायची, आणि वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. छोट्या मंडळाला हे झेपत नाही. त्यापेक्षा हक्कधारक कंपनीला पत्र घालून लेखी परवानगी मागणं बरं. डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्ममध्ये ‘कव्हर साँग परवाना’ असं बटण दिसलं तर तो परवाना कुठल्या देशापुरता आहे ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

जाता जाता: धार्मिक विधीत किंवा लग्नसमारंभात तेच गाणं समोर बसून गायलं तर कायदा सूट देतो. ती सूट गाण्यापुरती. रेकॉर्ड करून विकायला लागलात की ती संपली.

प्रश्न: माझं एक गाणं बरं झालंय. लोकगीतांचं यूट्यूब चॅनेल चालवणारे एकजण म्हणतात, २० हजार देतो, ‘सर्व हक्क कायमचे’ लिहून द्या. घ्यावेत काय?
— संकेश्वर

त्या तीन शब्दांवर सही करू नका. २० हजार कमी की जास्त हे नंतर बघू, आधी काय देताय ते ठरवा.

विकणं आणि वापरायला देणं यात फरक आहे. ‘या व्हिडिओसाठी, यूट्यूबवर, तीन वर्षं, फक्त तुमच्याच चॅनेलला’ असं लिहून दिलंत तर गाणं तुमचंच राहतं, आणि त्यांचं कामही अडत नाही. ‘सर्व हक्क’ लिहिलंत तर स्पॉटिफाय, कॉलर ट्यून, रील्स, उद्या एखाद्या सिनेमात घेतलं तर तेही, सगळं गेलं. स्वतःच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकलात तरी त्यांचा दावा येऊ शकतो.

कायदा थोडा तुमच्या बाजूनं आहे. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तो परत येतो. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायमचा सोडून देता येत नाही. पण हे सगळं करार जिथं गप्प आहे तिथं कामाला येतं. ‘कायमचे, जगभर’ असं स्पष्ट लिहून सही केलीत तर मुदत-प्रदेशाची पळवाट उरत नाही.

त्यांना उलट विचारा: जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा किती, हिशेब दर किती महिन्यांनी, आणि वर्णनात गीतकार-संगीतकार-वादकांची नावं येणार का. ‘एवढं कोण बघतं’ असं उत्तर आलं तर उठून या.

प्रश्न: गीतकार चंदगडचे, मी बेळगावचा, पेटीवाले कागवाडचे. कोणाचे किती टक्के, हे लिहून ठेवायचं म्हणतात. कसं? स्टॅम्पपेपर कुठल्या राज्याचा?
— अनगोळ

एका पानाचं काम आहे. प्रत्येक गाण्यासाठी वर गाण्याचं नाव, खाली दोन चौकोन. पहिल्यात शब्द आणि चाल: कोणी लिहिलं, कोणी बांधलं, टक्के, बेरीज १००. दुसऱ्यात रेकॉर्डिंग: खर्च कोणी केला, कोणाला कामाचे एकरकमी पैसे देऊन मोकळं केलं, कोणाला कमाईत वाटा, बेरीज पुन्हा १००. खाली सगळ्यांच्या सह्या, तारीख आणि पॅनवर आहे तसं पूर्ण नाव. रेकॉर्डिंगच्या दिवशी चहा येईपर्यंत हे उरकतं. गाणं चाललं की मग कोणालाच काही आठवत नाही.

पेटीवाल्यांना पैसे देऊन मोकळं केलं असेल तर पावतीवर ‘अमुक गाण्यात वाजवल्याबद्दल, अल्बमसाठी वापरण्यास संमती’ एवढं लिहून घ्या. नुसती ‘मिळाले’ची पावती पुरत नाही. स्टुडिओला भाडं दिलं म्हणून रेकॉर्डिंग स्टुडिओचं होत नाही. कायद्याच्या नजरेत पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता. तरी बिलावर तुमचंच नाव असू द्या.

स्टॅम्प जिथं सही होते त्या राज्याचा. सगळे बेळगावात बसून सही करणार असाल तर कर्नाटकचा ई-स्टॅम्प. कागद फिरवून एकानं चंदगडला, दुसऱ्यानं इथं सही करण्याचा घोळ घालू नका, एका बैठकीत उरका.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. गाणं लिहिलं-बांधलं की हक्क आपोआप येतो. तंट्याची शक्यता वाटत असेल तरच करा. गीत किंवा संगीताला ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २००० रुपये फी आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस जावे लागतात.

प्रश्न: आमचीच गाणी, आमच्याच चॅनेलवर टाकली, आणि ‘कॉपीराइट दावा’ म्हणून नोटीस आली! चोर कोण?
— निपाणी

बहुधा कोणी नाही. डिस्ट्रिब्यूटरकडं गाणी देताना तुम्ही कंटेंट आयडीवर टिक केलीत. आता तुमच्या वतीनं तोच यूट्यूबभर दावे लावतोय आणि तुमचं चॅनेल तुमचंच आहे हे त्याला ठाऊक नाही. नोटिशीत दावेदाराचं नाव बघा. डिस्ट्रिब्यूटरचं असेल तर आपल्या चॅनेलची लिंक त्याला पाठवून ते सवलतीच्या यादीत घालायला सांगा. दावा म्हणजे स्ट्राइक (चॅनेलवर लागणारा ठपका) नव्हे. घाबरून व्हिडिओ उडवू नका, व्ह्यूज आणि कॉमेंट सगळं जाईल.

नाव अनोळखी असेल तर आठवा: गाण्यात इंटरनेटवरून घेतलेला तयार ढोलकीचा लूप (पुन्हापुन्हा वाजवायचा तुकडा) किंवा तानपुऱ्याची फाइल आहे का? तोच लूप आणखी शंभर जणांनी वापरलेला असतो. असे लूप असलेली गाणी कंटेंट आयडीला द्यायचीच नसतात.

प्रश्न: माझी गाणी दुसऱ्याच एका गायकाच्या पानावर दिसतात. नाव सारखं आहे. काय करूया?
— चिकोडी

डिस्ट्रिब्यूटरला लिहा, ‘गाणी चुकीच्या कलाकाराला जोडली गेली आहेत’. स्वतंत्र पान मिळतं, थोडे दिवस लागतात. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये आपल्या पानाची लिंक द्या, म्हणजे पुन्हा होणार नाही. आपल्याकडं आडनावं गावावरून पडलेली, नाव-आडनाव मिळून दहा जण सापडतात. मधलं नाव किंवा गाव जोडा आणि ते मरेपर्यंत बदलू नका. रोमन लिपीतलं स्पेलिंगही एकच. ‘विठ्ठल’ लिहिताना कोणी एक टी घालतो, कोणी दोन, कोणी एचसुद्धा. गाण्याचं नाव देवनागरीत ठेवा, पण रोमन रूपासाठी रकाना असेल तर लोक मोबाइलवर जसं टाइप करतात तसं भरा.

प्रश्न: यातून पैसे किती आणि कसे येतात, खरं सांगा.
— वडगाव, बेळगाव

खरं सांगायचं तर ऐकण्यातून थोडे, कार्यक्रमातून जास्त.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ मोजतात. २०२४ पासून नियम असा की, मागच्या १२ महिन्यांत गाणं निदान १००० वेळा वाजलं नसेल तर त्या गाण्याला पैसे नाहीत. हजार गाण्यागणिक, अल्बमचे मिळून नव्हेत. म्हणून १४ गाण्यांचा अल्बम काढून प्रत्येकाचे ३०० करण्यापेक्षा पाच गाणी काढून नीट चालवा.

यूट्यूबवर जाहिरातीच्या वाट्यासाठी १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) लागतं, आणि पैसे १०० डॉलर साठल्यावर सुटतात. तिथं कराची माहिती भरायची राहिली तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापतात. पॅन देऊन फॉर्म भरला तर भारत-अमेरिका करारानुसार फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के. दहा मिनिटांचं काम, पण इंग्रजी बघून लोक पुढं ढकलतात.

शब्द-चालीची रॉयल्टी डिस्ट्रिब्यूटरकडून येत नाही. ती इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी गोळा करते, आणि गीतकार-संगीतकारानं स्वतः सभासद व्हावं लागतं. गाणी बाहेर येण्याआधी व्हा आणि प्रत्येक गाणं तिथं नोंदवा. संतांच्या अभंगावर गीतकार म्हणून स्वतःचं नाव घालू नका. हे प्रकार होतात आणि पकडलेही जातात. जीएसटीची भीती नको. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही.

प्रश्न: आमच्याकडं स्पॉटिफाय कोण ऐकतंय? उसाचे ट्रॅक्टर, रिक्षा, वडाप, सगळीकडं पेनड्राइव्ह. तिथं कसं पोचायचं?
— रायबाग तालुका

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण शहरातल्या सल्ल्यात हा रकानाच नसतो.

पेनड्राइव्ह स्वस्तातला, छोट्या क्षमतेचा चालतो. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला २.४ एमबी लागतात. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, सात गाणी ८४ एमबी. घाऊक घेताना एक पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघा. वर लिहिलेली क्षमता आत नसते असा माल बाजारात भरपूर आहे.

फॉरमॅट फॅट३२ ठेवा. ट्रॅक्टर-रिक्षांतले साधे प्लेअर एनटीएफएस किंवा एक्सफॅट ओळखतच नाहीत, ‘नो डिव्हाइस’ दाखवून गप्प बसतात. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे इंग्रजी अंकांत. देवनागरी नावाच्या जागी पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. एवढं करूनही गाणी उलटसुलट क्रमानं वाजतात, कारण यातले बरेच प्लेअर नावाचा क्रम बघत नाहीत, फाइल कॉपी झाली तो क्रम धरतात. म्हणून सगळी एकदम निवडून टाकू नका, एकेक करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत कॉपी करा. फोल्डरात फोल्डर नको. गाण्यात जोडलेलं कव्हर ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आत. मोठं चित्र असलं की स्वस्त प्लेअर गाणं सुरू व्हायच्या आधी अडखळतो.

एक फाइल आणखी घाला: सगळ्यात शेवटी २० सेकंदांची, तुमच्याच आवाजात. मंडळाचं नाव, गाव आणि कार्यक्रमासाठी नंबर. पेनड्राइव्हवरचं लेबल आठ दिवसांत निघून जातं, कॉपी करून दिलेल्या पेनड्राइव्हवर तर ते नसतंच. आवाज मात्र कॉपीबरोबर जातो. आणि कॉपी होणारच, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, मोबाइल रिपेअरी आणि गाणी भरून देणाऱ्या दुकानदारांना एकेक प्रत फुकट द्या. तालुक्याच्या गावात कोणाच्या गाडीत काय वाजणार हे पुष्कळसं तेच ठरवतात.

सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, गावोगावच्या जत्रा, बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक इथं विक्रीपेक्षा वाजणं महत्त्वाचं. साउंडवाल्याला पेनड्राइव्ह त्या दिवशी देऊ नका. त्याची यादी आधीच लागलेली असते, आठवडाभर आधी गाठा. यात्रेत निम्मे भाविक कन्नड बोलणारे असतात. तुमच्यापैकी कोणाला जमत असेल तर एखादं कडवं कन्नडमध्ये घ्या. शब्द मात्र कन्नड जाणणाऱ्याकडून तपासून घ्या, ओढूनताणून केलेलं लगेच कळतं.

व्हॉट्सअॅपवर एमपीथ्री नको, लिंक पाठवा, आणि सोबत स्टेटससाठी ध्रुवपदाचा ३० सेकंदांचा उभा व्हिडिओ. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप मिळतो.

प्रश्न: ‘पाच हजारांत एक लाख व्ह्यूज’ म्हणून मेसेज येतात. एकदा करून बघू काय?
— अथणी

नको. ऐकणारे यंत्र असतात. सापडलं की गाणं काढतात, कमाई गोठवतात, आणि स्पॉटिफाय डिस्ट्रिब्यूटरला दंड लावतं तो तुमच्याकडून वसूल होतो.

प्रश्न: सीडी काढावी काय?
— शहापूर, बेळगाव

विकायला नको. ऐकायला यंत्रच घरात नाही. प्रकाशन समारंभात पाहुण्यांच्या हातात द्यायला ५० बर्न करून घ्या. साच्यातून छापणारे ५००-१००० च्या खाली हात लावत नाहीत.

प्रश्न: रेडिओ आणि वर्तमानपत्रांत कसं येईल?
— टिळकवाडी

वर्तमानपत्राला दहा दिवस आधी, १५० शब्दांत, युनिकोडमध्ये टाइप केलेली बातमी आणि एकच चांगला आडवा फोटो. कोणी, काय, कुठं, कधी हे पहिल्या दोन वाक्यांत. ‘सुमधुर’, ‘श्रवणीय’ हे शब्द त्यांना कापावे लागतात, तुम्हीच कापून पाठवा. कानडी दैनिकांनाही कन्नडमधून वेगळी बातमी पाठवा. आपले लोक हे करायचं विसरतात आणि मग दखल घेत नाहीत म्हणतात.

रेडिओत आधी बेळगावातलं सामुदायिक केंद्र, वेणुध्वनी ९०.४, गाठा. सामुदायिक केंद्राचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण स्थानिक माणसाला बोलवून मुलाखत घेणं हेच त्यांचं काम. आकाशवाणीच्या धारवाड, सांगली, कोल्हापूर केंद्रांवर गायचं असेल तर स्वरपरीक्षेचा रस्ता आहे. अल्बम हातात घेऊन गेलात तरी आधी तेच विचारतील.

प्रश्न: डिस्ट्रिब्यूटरचे वार्षिक पैसे भरायचे राहिले आणि सगळी गाणी गायब झाली. पुन्हा टाकली तर जुने आकडे मिळतील काय?
— येळ्ळूर

मिळू शकतात, पण नव्यानं गाणी टाकल्यासारखं करू नका. प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो: दोन अक्षरं देशाची, तीन नोंदणीदाराची, दोन अंक वर्षाचे, पाच त्या गाण्याचे. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या खात्यात अजून शिरता येत असेल तर आधी ते सगळे क्रमांक वहीत उतरवून घ्या. अल्बमचा १२-१३ आकडी बारकोडही घ्या. मग पुन्हा टाकताना तीच वेव्ह फाइल, तेच नाव, त्याच स्पेलिंगचा कलाकार आणि तोच आयएसआरसी भरा. ‘नवीन क्रमांक द्या’ हा पर्याय आपोआप निवडलेला असतो, तो काढा. फाइल पुन्हा मास्टर करून बदलली किंवा गाण्याची लांबी दोन सेकंदांनीही वेगळी झाली तर जोडणी चुकू शकते. सगळं जुळलं तर काही दिवसांत जुना आकडा परत दिसतो. लोकांच्या प्लेलिस्टमध्ये राखाडी होऊन पडलेली गाणीही बऱ्याचदा पुन्हा वाजू लागतात. नाहीच जुळलं तर नव्या डिस्ट्रिब्यूटरला दोन्ही लिंक आणि आयएसआरसी देऊन जोडून द्यायला लिहा.

आणि या वेळी वार्षिक भाड्याऐवजी कमाईतून टक्केवारी घेणारा निवडता येतो का बघा. वर्षाला दोन-तीनशे रुपये मिळवणाऱ्या अल्बमला तोच परवडतो.